पल्ला देण्याआधी नाव घ्यावे

१ ऑगस्ट २००२
नागपूरहून परत. दोन दिवसांचा सेमिनार. हॉटेल एसी. गुलाबजाम दोनदा घेता आले, कोणी बघत नव्हते.

विषय असा : प्रत्येक कामगार वेगळ्या पद्धतीने शिकतो. कोणी डोळ्यांनी, कोणी कानांनी, कोणी हातांनी. सगळ्यांना एकाच पद्धतीने शिकवणे म्हणजे सगळ्या गावाला एका मापाची चप्पल. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. थोडा एसीचाही असेल.

खरे तर कारखान्याच्या मालकांचा, म्हणजे सेठजींचा, मुलगा जाणार होता. ऐनवेळी त्याच्या मेहुण्याचा साखरपुडा निघाला, म्हणून मला पाठवले. पण योग म्हणतात तो हाच. इतकी वर्षे स्टोअरमध्ये नट, बोल्ट आणि वॉशर देत बसलो. माझ्यातला शिक्षक त्या वॉशरखाली दबला होता.

२ ऑगस्ट
सेठजींना भेटलो. सेमिनारचा सारांश सांगितला. ते तेव्हा फोनवर होते, तरी मान हलवत होते.

आमच्या कारखान्याला मोठी संधी आली आहे. रायपूर राजधानी झाले, रोज नवे ऑफिस उघडते, ऑफिस उघडले की फायली येतात, आणि फायली ठेवायला लोखंडी कपाटे लागतात. अर्धी राजधानी अजून फरशीवर आहे. एका मोठ्या ऑर्डरसाठी खरेदी समिती विश्वकर्मा पूजेच्या आधी इथे उरल्याला, कारखान्यात येऊन काम बघणार आहे. त्यासाठी सेठजींनी शेजारच्या बीरगावातून बरेच नवे लोक घेतले. त्यांना शिकवायचे कोणी? मी हात वर केला. सेठजी म्हणाले, ठीक है वानखेड़े जी, करके देखिए. समिती खूश झाली तर ट्रेनिंग मॅनेजर ही पोस्ट आणि जिन्याखालची काचेची केबिन. नाही झाली तर स्टोअर आहेच.

जाताना केबिन बघून आलो. सध्या तिथे झाडू ठेवतात.

३ ऑगस्ट
घरी ट्रायल घेतली. वनमालाला विचारले, तू कशाने शिकतेस? ती म्हणाली, तुमच्याशी लग्न करून शिकले जे शिकायचं ते, आता सरका, कुकर लावू द्या. नोंद : विरोध करणारी, पण हातवाली.

क्षमा दहावीत आहे. मी मराठीत विचारतो, ती हिंदीत उत्तर देते. पापा, प्लीज़, मेरा कल टेस्ट है. नोंद : पुस्तकवाली.

माझी स्वतःची टेस्ट घेतली. डोळे, कान, हात, तिन्हींत पूर्ण मार्क. असे लोक फार कमी असतात म्हणे.

५ ऑगस्ट
कामगारांची चाचणी झाली. तीन रंगांच्या टोप्या वाटल्या. डोळेवाल्यांना पिवळी, कानवाल्यांना निळी, हातवाल्यांना लाल. निळ्या टोपीवाल्यांसाठी कूलरजवळ बसून कॅसेट ऐकण्याचा कार्यक्रम आहे, असे मी चाचणीच्या आधी सांगून टाकले. ही चूक झाली. अख्खा कारखाना कानवाला निघाला. दुपारी पुन्हा चाचणी घ्यावी लागली.

फ्लोअरचा सुपरवायझर नत्थू मेश्राम. गोंदियाचा माणूस, कामात पक्का, तोंडाने फटकळ. तो म्हणे, साहेब, हे काहून करून राहिले तुम्ही? पोट्ट्यायले चार दिवस माह्याजवळ उभे करा, शिव्या खातीन अन् शिकतीन. मी शांतपणे सांगितले, की शिव्या ही फक्त कानवाल्यांची पद्धत झाली, बाकीच्यांवर अन्याय आहे. त्याला मुद्दा पटला असावा. तो लगेच निघून गेला.

८ ऑगस्ट
हरेली. निम्मे लोक गावी, नांगर पुजायला. उरलेले मनाने गावी. ट्रेनिंग नाही. संकल्प : रोज सकाळी एक तास मॅनेजमेंटचे पुस्तक वाचणे. उद्यापासून.

११ ऑगस्ट
घरीच कॅसेट रेकॉर्ड केली. माझ्या आवाजात, शुद्ध हिंदीत. कपाटाच्या दाराला आमच्याकडे पल्ला म्हणतात. पल्ला कसा उचलायचा, कसा धरायचा, बिजागरीवर कसा बसवायचा, पायरीपायरीने. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मधे कुकरची शिटी आली आहे. पुन्हा रेकॉर्ड करणार होतो, पण वनमाला म्हणाली, आज डाळ पुन्हा शिजणार नाही. राहू दिले. नैसर्गिक वाटते.

१४ ऑगस्ट
कानवाल्यांची प्रगती थक्क करणारी. कॅसेट बंद करून काम करायला सांगितले. पहिली, दुसरी, तिसरी पायरी सगळ्यांनी बिनचूक केली. मग सगळेच्या सगळे पल्ला छातीशी धरून थांबले. का थांबलात? समारू नावाचा त्यांचा पुढारी म्हणाला, अभी सीटी नइ बाजे हे साहेब.

एवढी एकाग्रता मी नागपूरच्या हॉटेलातही पाहिली नव्हती. शिटी तोंडाने वाजवायची जबाबदारी नत्थूवर सोपवली. त्याने नकार दिला. आता मीच वाजवतो.

हातवाल्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधून सराव घेतला. एकाने बिजागरी समजून नत्थूचा कान धरला. नत्थूने शिक्षणशास्त्राबद्दल काही शब्द वापरले, ते इथे लिहीत नाही.

१७ ऑगस्ट
अडचण. पल्ल्यांना पोचे पडताहेत. रंग देऊन झाला की पल्ला एक जण देतो, दुसरा घेतो. पत्रा पातळ आणि रंग ताजा. देणारा लवकर सोडतो, घेणारा उशिरा धरतो, आणि पल्ला टेबलाच्या कोपऱ्यावर. आज पुन्हा बरेच पल्ले भंगारात गेले. सेठजी येऊन बघून गेले. जाताना एक पोचलेला पल्ला बोटाने दाबून पाहिला. वाटेत स्टोअरचे दार उघडे दिसले, मान फिरवली.

संकल्प : घाबरायचे नाही. विचार करायचा.

१९ ऑगस्ट, सकाळी
आंघोळ करताना सुचले! लोक एकमेकांकडे बघत नाहीत, म्हणून पोचे पडतात. उपाय : नाव-हाक पद्धत. देणाऱ्याने घेणाऱ्याचे नाव मोठ्याने घ्यायचे. घेणाऱ्याने देणाऱ्याचे घ्यायचे. दोन्ही नावे झाली की मगच हात सोडायचा. नाव नाही तर पल्ला नाही. यात कान आले, डोळे आले, हात आले. तिन्ही टोप्या एका पद्धतीत. हे नागपूरच्या सरांनाही सुचले नव्हते. ओल्या अंगानेच लिहितो आहे.

२० ऑगस्ट
नाव-हाक सुरू. फ्लोअर दणाणून गेला. समारू! जेठू! ले! दे! पोचे एकदम कमी झाले. नत्थूसुद्धा गालात हसला.

मात्र काही जोड्यांत विचित्र प्रकार. नाव घ्यायची वेळ आली की गप्प. मान खाली, पायाच्या अंगठ्याने फरशी उकरणे. त्यांत फिरतू आणि बिसाहू सर्वांत वाईट. आणि गंमत म्हणजे नव्या लोकांत हीच जोडी सर्वांत चांगली. पल्ला एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात असा जातो, की आवाज नाही, ओरखडा नाही. पण नाव? शून्य.

सेमिनारच्या झेरॉक्स चाळल्या. असा विकार कुठे दिलेला नाही. मी त्याला नाव-मंदत्व असे नाव दिले आहे. कदाचित माझ्याच नावाने ओळखला जाईल.

२१ ऑगस्ट
नाव-मंदत्वासाठी खास वर्ग. फिरतूच्या छातीवर फिरतू अशी पाटी. बिसाहूच्या छातीवर बिसाहू. समोरासमोर उभे केले. वाचा म्हटले. दोघे लाजले. मी म्हटले, समज में आया? दोघे म्हणाले, हव. मग बोलो. पुन्हा लाजले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत हेच चालले. शेवटी मीच दोघांची नावे घेऊन घेऊन घसा बसवला.

माझा जन्म रायपूरचा, तात्यापारा मोहल्ल्यातला. छत्तीसगढी माणसाला मी आतून बाहेरून ओळखतो. ही माणसे मनाने फार चांगली, फक्त स्मरणशक्ती थोडी कमी पडते.

२३ ऑगस्ट
आज भोजलीचे, म्हणजे टोपलीत उगवलेल्या गव्हाच्या रोपांचे, विसर्जन. शेजारच्या साहूंकडची भोजलीबाई कानामागे गव्हाची पिवळी रोपे खोचून आली. वनमालाच्याही कानामागे खोचली. दोघी गळ्यात पडल्या. दरवर्षीचेच आहे.

ती गेल्यावर मी सहज म्हणालो, की या बाईचे नाव आणि सण एकच, किती मजेशीर. वनमालाने हातातले ताट खाली ठेवले आणि माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, अहो, त्यांचं नाव सरिता आहे. तुम्हाले इतक्या वर्षांत समजलं नाही? आम्ही दोघींनी भोजली बदली, म्हणजे ही रोपं एकमेकींच्या कानामागे खोचून सख्या झालो, नव्यानं इथं आले तेव्हाच. एकदा बदली की मंग जन्मभर नाव घेत नाहीत, मी तिले भोजली म्हणते, ती मले भोजली म्हणते.

क्षमा आतून ओरडली, पापा ने तो मेरे बर्थडे के कार्ड पर भी श्रीमती भोजली साहू लिखा था! आणि हसत सुटली. मी म्हणालो, मला माहीत होते, तुमची परीक्षा घेत होतो.

वनमाला पुढे म्हणाली, की पुरुषांतही असेच असते. त्यांना मितान म्हणतात. सख्ख्या भावाच्या वरचं नातं, आणि नाव घेणं पाप.

जेवण गोड लागले नाही.

२४ ऑगस्ट
फिरतूला बाजूला घेऊन विचारले. तो म्हणाला, ओ मोर मितान आय साहेब. मितान के नाव नइ लेवन, पाप परथे. लहानपणी गावच्या देवळात एकमेकांना नारळ देऊन मितान झालेले. दोघांचे बापही एकमेकांना समधी, म्हणजे व्याही, म्हणतात.

नत्थूला म्हटले, तुला हे माहीत होते? तो म्हणे, अख्ख्या बीरगावले माहीत आहे साहेब, तुम्ही पाट्या लावून राहिले होते तं मले वाटलं नवीन सायन्स असंन.

नाव-मंदत्व रद्द. पण पद्धत रद्द नाही. समितीसमोर मला नाव-हाकच दाखवायची आहे, सेठजींना तसे सांगूनही बसलो. उपाय साधा आहे : मितानांना वेगळे करणे.

२७ ऑगस्ट
कालपासून फिरतूला सकाळपाळी, बिसाहूला दुपारपाळी. शास्त्रीय निर्णय.

परिणाम : बिसाहू फिरतूबरोबर सकाळीच येतो आणि दुपारपर्यंत गेटवर बसतो. सुटल्यावर फिरतू गेटवर बसतो, बिसाहू सुटेपर्यंत. डबा दोघांचा एकच आहे, तो कोणाबरोबर ठेवायचा यावर गेटचा चौकीदार मध्यस्थी करतो. पल्ला दुसऱ्याच्या हातात देताना दोघांकडूनही पोचे. चौकीदाराने माझ्याकडे तक्रार केली, की तुम्ही दोन माणसांचे काम माझ्या गेटवर आणून ठेवले.

वाईट वाटले. खरेच वाटले. गेटवर बसलेला बिसाहू मला बघून उठून उभा राहतो आणि हसतो. रागावला असता तर बरे झाले असते. संध्याकाळी दोघांना पुन्हा एका पाळीत टाकले.

२९ ऑगस्ट
सुचले. आणि तेही वनमालामुळे, पण तिला सांगणार नाही.

वनमाला तरी माझे नाव कुठे घेते? अहो, इकडे या, ऐकता का. लग्नापासून हेच. पण उखाण्यात घेते! लग्नात घेतला होता : वऱ्हाडची भाकर, छत्तीसगढचा भात, रामकृष्णरावांच्या हाती दिला मी हात. ऐन मांडवात, सगळ्यांसमोर, न अडखळता. म्हणजे नाव न घेण्यावर शेकडो वर्षांपूर्वी आपल्या लोकांनी उपाय काढून ठेवला आहे. सरळ घेता येत नाही ते यमकात घेता येते. मितानांना उखाणा द्या, गाडी सुटली.

शिवाय यमक कानवाल्यांसाठी, ठेका हातवाल्यांसाठी, आणि भात डोळ्यांपुढे येतो. मी स्वतःलाच नमस्कार करणार होतो.

३० ऑगस्ट
नमुन्याचा उखाणा मी रचला, हिंदीत :
पीली टोपी, नीली टोपी, टोपी ऊपर फूल,
समारू जब पल्ला पकड़े, कभी न होवे भूल.
टाळ्या. समारूने ताबडतोब उलट दिला :
बासी संग गोंदली, चटनी मं नून,
जेठू, पल्ला धर ले, मोर बात ला सुन.
शिळा भात, कांदा, चटणीतले मीठ, सगळे आले. लोक नाचायचे बाकी राहिले. इतका उत्साह ट्रेनिंगमध्ये मी कधी पाहिला नाही. संध्याकाळी सुट्टीची घंटा झाली तरी कोणी जाईना.

३ सप्टेंबर
उखाणा पद्धत जोरात. वेल्डिंगवाले आपले काम सोडून ऐकायला येतात. प्रत्येक पल्ल्याला एक उखाणा. चांगला असला तर वन्स मोअर. पोचे जवळजवळ नाहीत.

कपाटेही जवळजवळ नाहीत, असे नत्थू म्हणतो. त्याला नेहमी वाईटच दिसते. मात्र आज त्यानेही एक उखाणा घेतला, बायकोच्या नावाचा, पल्ल्याशी काही संबंध नसलेला. याला म्हणतात माया. वेल्डिंगवाल्यांनी त्याला उचलून घेतले.

फिरतू-बिसाहूचे घोडे अडलेलेच. फिरतूने फार सुंदर सुरुवात केली. महानदी आली, धानाचे शेत आले, कदंबाची झाडे आली, ओळीमागून ओळ आली, पण नाव येईना. सगळा फ्लोअर ओरडत होता, ले ना, ले ना! बिसाहू टोपीने तोंड झाकून बसला. शेवटी फिरतू म्हणाला, यमक करके लेबो तभो पाप तो ओतकेच परही साहेब. यमकात घेतले तरी पाप तेवढेच लागणार. बायकोला नवऱ्याचे चालते तर तुम्हाला काय होते, असे मी विचारले. म्हणाला, ओ तो बिहाव आय साहेब, ये मितानी आय.

लग्न ते लग्न, मितानी ती मितानी. यावरचे उत्तर आज राखून ठेवले. उद्या सुचेल.

५ सप्टेंबर
सेठजी फ्लोअरवर आले. नेमके एका वन्स मोअरच्या वेळी. बराच वेळ उभे राहिले. मग मला विचारले, वानखेड़े जी, अलमारी बनानी है कि कवि सम्मेलन करना है?

उखाणे बंद. साधी नाव-हाक चालू ठेवायला परवानगी मिळाली. म्हणजे मूळ संशोधन त्यांना मान्य आहे. केबिनमधला झाडू मी आजच दुसरीकडे ठेवला.

१० सप्टेंबर
गणपती बसले. वनमालाने मोदक केले. प्रार्थना : केबिन. क्षमा म्हणाली, पापा, भगवान से कोई छोटी चीज़ भी माँग लिया करो. मी म्हटले, केबिन छोटीच आहे.

समिती परवा येणार. नत्थू घरी आला होता, मोदकाच्या निमित्ताने. म्हणे, साहेब, एक दिवस ते नावाचं राहू द्या, मितान लोकायले गुपचूप काम करू द्या, त्यायच्यासारखे हात कोनाचेच नाही. मी म्हणालो, पद्धतीत एक अपवाद केला की पद्धत उरत नाही. त्याने आणखी एक मोदक घेतला आणि म्हणाला, बाप्पाच पाहून घेईन.

१२ सप्टेंबर, संध्याकाळी
सविस्तर लिहितो.

समिती आली. चार साहेब, पुढे एक मोठे साहेब, महासमुंदकडचे. सेठजींनी हार घातले. मी टाय घातला होता. फ्लोअरवर तिन्ही रंगांच्या टोप्या ओळीत. मी पद्धत समजावून सांगितली : नाव नाही तर पल्ला नाही. मोठे साहेब म्हणाले, दिखाइए.

सर्वांत पुढे मी फिरतू आणि बिसाहूला उभे केले होते. हात चांगले म्हणून. आणि मनात असेही होते, की मोठ्या साहेबांसमोर तोंड उघडेल. माणूस घाबरला की बोलतो, असा माझा अनुभव आहे.

फिरतूने पल्ला उचलला. ताजा रंग, आरशासारखा. बिसाहूने खालून हात लावले. आता नाव.

नाव नाही.

दोघांनी पल्ला धरून ठेवला. पल्ला जड असतो. फिरतूचे दंड थरथरायला लागले, पण सोडेना, कारण नियम आहे. बिसाहू घेईना, कारण नियम आहे. नियम माझा. एक साहेब म्हणाले, बिजली गई है क्या? मागून कोणीतरी हळूच शिटी वाजवली, मदत म्हणून. मी पुढे होऊन दबक्या आवाजात म्हणालो, नाम लो. मग जरा मोठ्याने, नाम लो! मग मला वाटते मी ओरडलो. बिसाहूच्या डोळ्यांत पाणी आले. सेठजी पल्ल्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मला स्टोअरमधल्या ग्रीसचा वास यायला लागला, खरोखर.

तेवढ्यात फिरतूने छातीभर श्वास घेतला आणि ओरडला, सीताराम मितान!

बिसाहू त्याहून मोठ्याने, सीताराम मितान!

आणि पल्ला गेला. आवाज नाही, ओरखडा नाही. बिजागरीवर जाऊन बसला. पुढच्या जोडीने क्षणभर माझ्याकडे पाहिले, मग त्यांनीही तेच केले. त्याच्या पुढच्यांनीही. जे मितान नव्हते तेही. समारू तर सर्वांत मोठ्याने. अख्खी ओळ सीताराम मितान, सीताराम मितान करत गेली आणि कपाटे उभी राहिली. एकालाही पोचा नाही. तिन्ही टोप्या कधी एकमेकांत मिसळल्या ते कळले नाही. नत्थू पुन्हा पुन्हा नाक पुसत होता. सर्दी असेल.

मोठे साहेब फार खूश झाले. म्हणाले, त्यांच्या आजोबांचेही मितान होते, नाव न घेता दोघे असाच सीताराम करायचे, किती वर्षांनी हे ऐकले. विचारले, किसका आइडिया है? मी एक पाऊल पुढे टाकले. पण ते तोवर फिरतू-बिसाहूंचे हात हातात घेऊन उभे होते, तेव्हा मी एक पाऊल मागे घेतले. ऑर्डर मिळाली.

नोंद : पद्धत यशस्वी. नावाऐवजी पर्यायी हाक, एवढाच किरकोळ बदल. तो मी करणारच होतो.

१५ सप्टेंबर
केबिनच्या काचेला पडदा लागेल. सदर बाजारात कापड बघून आलो. वनमाला म्हणाली, आधी केबिन तर मिळू द्या. तिला व्यवस्थापन कळत नाही. विश्वकर्मा पूजेला सेठजी दरवर्षी भाषण करतात, त्यात घोषणा होणार हे उघड आहे. माझे आभाराचे भाषण तयार आहे. मुद्दाम साधे ठेवले आहे. नागपूरच्या सरांचा उल्लेख आहे, नत्थूवरही एक वाक्य आहे.

क्षमासमोर म्हणून दाखवले. ती चक्क मराठीत म्हणाली, छान आहे बाबा. का कोण जाणे, एकदम भरून आले.

१७ सप्टेंबर
विश्वकर्मा पूजा. सगळी यंत्रे बंद, धुऊनपुसून हार घातलेली. वनमाला आणि क्षमाला घेऊन गेलो. टाय.

सेठजी बोलले. ऑर्डर मिळाली, सगळ्यांचे अभिनंदन. मग एकेकाचे नाव घेऊन पुढे बोलावले. फिरतूराम. बिसाहू. समारू. नत्थू मेश्राम, यापुढे नव्या लोकांचे ट्रेनिंग तो बघणार, केबिन त्याची. नत्थूला धक्काच बसला, त्याने आधी माझ्याकडे पाहिले. वेल्डिंगवाले. रंगवाले. गेटचा चौकीदार. जिलेबी करायला आलेला हलवाई, त्याचेही नाव घेतले. टाळ्या झाल्या. भाषण संपले. मी भाषणाचा कागद हातात घेऊन उभा होतो, तो घडी घालून खिशात ठेवला.

जिलेबी खाताना सेठजींच्या मुनीमजींनी स्टोअरची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, तुम्ही गेल्यापासून तिथे कोणाला काही सापडत नाही, उद्यापासून बसा.

वाईट वाटले. खोटे कशाला लिहू, फार वाटले. वनमालाने तिच्या ताटातली जिलेबी माझ्या ताटात टाकली.

घरी येऊन हातपाय धुतल्यावर शांतपणे विचार केला. सेठजींनी सगळ्यांची नावे घेतली. हलवायाचेही घेतले. एकट्या माझे घेतले नाही. इतक्या वर्षांचा संबंध, रोज नमस्कार, आणि नाव नाही? हे विसरणे असूच शकत नाही.

माणूस नाव कोणाचे घेत नाही, हे आता मला पुरते माहीत आहे.

सेठजी स्वभावाने संकोची. चारचौघांत मितान म्हणायला लाजले असतील.